बेरजेला जागणारे मीठ

पूर्व द्रुतगती मार्गावरून ठाण्याकडे निघालात आणि विक्रोळी मागे पडली, की उजव्या हाताच्या इमारती एकाएकी संपतात आणि जमीन खाडीपर्यंत सपाट होते. ही कांजूर-भांडुपची मिठागरे. भरतीचे पाणी बांधातून आत घ्यायचे, उथळ वाफ्यांत उन्हाला ठेवायचे, आटले की पुढच्या वाफ्यात सोडायचे आणि शेवटी तळाशी धरलेले मीठ ओढून काठावर ढीग लावायचे. आगरी समाजाचे नावच या ‘आगर’ शब्दावरून आले. अलीकडे कांजूरची ही जमीन वर्तमानपत्रांत गाजली ती मेट्रोच्या कारशेडमुळे. ती केंद्राच्या मीठ आयुक्तांची की राज्याची, हा वाद २०२० साली उच्च न्यायालयात पोचला. आपल्याला मालकीशी कर्तव्य नाही. आपले काम मिठाशी आहे.

एक किलो मीठ घ्या. त्यात आणखी एक किलो ओता. वजन दुप्पट, ते व्यापत असलेली जागा दुप्पट, ते वितळवायला लागणारी उष्णता दुप्पट. तापमान मात्र होते तेवढेच. पदार्थाच्या गुणांत अशा दोन जाती आहेत: काही माल वाढला की त्याच प्रमाणात वाढतात, काहींना मालाशी देणेघेणे नसते. पहिल्या जातीत एन्ट्रॉपी बसते. साध्या खोलीच्या तापमानाला एक किलो शुद्ध मिठाची एन्ट्रॉपी सुमारे १,२३० ज्यूल प्रति केल्विन भरते. दोन किलोंची २,४६०. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांनाही वाटले नाही. या प्रकरणात आपण या भाबड्या बेरजेवर संशय घेणार आहोत.

आधी एन्ट्रॉपी म्हणजे काय ते नीट पाहू, कारण ‘गोंधळ’ किंवा ‘अव्यवस्था’ हे तिचे शाळेतले भाषांतर मला कधीच पटलेले नाही. गोंधळ कोणाला म्हणायचे हे बघणाऱ्यावर ठरते. माझे टेबल मला व्यवस्थित दिसते. एन्ट्रॉपी ही मोजदाद आहे. बाहेरून मिठाची पिशवी एकसारखीच दिसत असताना तिच्या आतले अणू किती वेगवेगळ्या तऱ्हांनी थरथरत असू शकतात, त्या तऱ्हांची संख्या मोजायची. ही संख्या अफाट असते, म्हणून तिचा लॉगरिदम घ्यायचा. व्हिएन्नाच्या दफनभूमीत लुडविग बोल्ट्झमनच्या स्मारकावर हेच सूत्र कोरले आहे: एन्ट्रॉपी म्हणजे तऱ्हांच्या संख्येचा लॉगरिदम, गुणिले एक स्थिरांक.

लॉगरिदमच का? पहिल्या पिशवीत समजा शंभर तऱ्हा शक्य आहेत आणि दुसरीतही शंभर. दोन्ही मिळून शंभर गुणिले शंभर, दहा हजार. तऱ्हांचा गुणाकार होतो आणि लॉगरिदम त्या गुणाकाराची बेरीज करून देतो. म्हणून दोन किलोंची एन्ट्रॉपी दुप्पट. पण इथे एक अट हळूच आत शिरली आहे. गुणाकार तेव्हाच होतो जेव्हा पहिल्या पिशवीत काय चालले आहे याची दुसरीला फिकीर नसते. पहिलीतला अणू इकडे झुकला म्हणून दुसरीतल्याला तिकडे झुकावे लागत असेल, तर दहा हजारांतल्या कितीतरी तऱ्हा घडूच शकणार नाहीत. बेरजेचा सगळा डोलारा परस्परांविषयीच्या या बेफिकिरीवर उभा आहे.

आणि आता मिठातली खरी गंमत. मिठाच्या कणांनी एकमेकांविषयी बेफिकीर असण्याचे काहीच कारण नाही! सोडियमचा प्रत्येक आयन धनभारित, क्लोरिनचा प्रत्येक आयन ऋणभारित, आणि विद्युत बल लांबपर्यंत पोचणारे. अंतर दुप्पट झाले तर बल चौथाई होते, पण शून्य कधीच होत नाही. स्फटिकातल्या एका सोडियमवर उभे राहून ऊर्जेचा हिशेब करा. लगतचे सहा क्लोरिन त्याला ओढतात: अधिक सहा. त्यापलीकडचे बारा सोडियम ढकलतात: अंतराने भागून उणे साडेआठच्या आसपास. मग आठ क्लोरिन: अधिक ४.६. मग पुन्हा सोडियम. आकडे मोठे आणि चिन्हे उलटसुलट; वाटते ही मालिका कधीच थांबायची नाही. पण थर नीट लावून बेरीज केली तर ती १.७४७६ वर येऊन ठरते. धन आणि ऋण एकमेकांना खाऊन टाकतात. पाच-सात थरांपलीकडचे मीठ त्या सोडियमच्या दृष्टीने जवळपास नसल्यातच जमा होते. खाल्ल्या मिठाला माणसे जागोत न जागोत, मीठ स्वतः बेरजेला जागते ते असे, दोन उलट भारांच्या उपकारावर. हे काटेकोर गणिताने सिद्ध करायला १९६७ साली फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड यांना आणि पुढे एलियट लीब व जोएल लेबोविट्झ यांना मोठी मेहनत पडली. रोज भाजीत घालायच्या वस्तूची बेरीज खरी ठरायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, हे मला अजून नवल वाटते.

गुरुत्वाकर्षणात मात्र हा उपकार नाही. तेही अंतराच्या वर्गाने कमी होणारे, लांब पोचणारे बल. पण ऋण वस्तुमान नावाची गोष्ट नसते. प्रत्येक कण प्रत्येक कणाला ओढतो आणि त्या ओढीला काट मारणारे कोणी नाही. मिठाच्या गोळ्याचा माल दुप्पट केला तर त्याची रासायनिक बंधऊर्जा दुप्पट होते, पण गुरुत्वीय ऊर्जा ३.१७ पट होते. दोनाचा पाच-तृतीयांश घात. बेरीज इथे मोडते.

मग आपल्या पिशवीत ते जाणवत का नाही? कागद-पेन्सिल घेऊन बसा. एक किलो मिठाच्या आयनांना एकत्र धरणारी विद्युत ऊर्जा सुमारे १ कोटी ३५ लाख ज्यूल आहे. त्याच किलोची स्वतःची गुरुत्वीय ऊर्जा एक ज्यूलच्या अब्जाव्या भागाहूनही कमी. दोहोंत १६ वर पंधरा शून्ये इतक्या पटींचा फरक. गुरुत्व या हिशेबात मुंगी आहे. पण माल वाढेल तशी ही मुंगी मिठापेक्षा वेगाने वाढते. कांजूरच्या ढिगाऱ्यात माल टाकत गेलो, घनता बदलत नाही असे मानले, तर कुठल्या वजनाला दोघांची बरोबरी होईल? माझे उत्तर येते २ वर चोवीस शून्ये इतके किलो. पृथ्वीच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश. म्हणजे पिशवी, गोदाम, मालगाडी, डोंगर, सगळे बेरजेच्या राज्यात. ग्रहाजवळ पोचलात की सरहद्द लागते. तिच्यापलीकडे तारे, तारकागुच्छ, दीर्घिका. विश्वातला नजरेत भरणारा बहुतेक संसार सरहद्दीच्या पलीकडचाच.

तिथले कायदे पहिल्या भेटीत वेड्यासारखे वाटतात. भूपृष्ठापासून ४०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असतो. ३६,००० किलोमीटरवरच्याचा साधारण ३.१. आता हवेच्या विरळ थरांशी घासून एखाद्या उपग्रहाची ऊर्जा गळू लागली तर तो खाली येतो, आणि खाली येताना त्याचा वेग वाढतो. ऊर्जा गमावली आणि धावू लागला. असेच लाखो तारे एका गुच्छात असतील आणि त्यांच्या वेगांवरून आपण गुच्छाचे ‘तापमान’ मोजत असू, तर निष्कर्ष अटळ आहे: गुच्छाने ऊर्जा गमावली की तो तापतो, ऊर्जा मिळाली की थंडावतो. चुलीवर ठेवलेल्या दुधाने गार व्हावे तसे. याला ऋण विशिष्ट उष्मा म्हणतात.

या वेडेपणात शिस्त शोधण्याचे एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे. कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. जयंत नारळीकरांचे विद्यार्थी थाणू पद्मनाभन (१९५७–२०२१) मूळचे तिरुवनंतपुरमचे. १९९२ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. टाटा संस्थेत असताना १९९० साली त्यांनी ‘फिजिक्स रिपोर्ट्स’ या नियतकालिकात गुरुत्वाने बांधलेल्या समूहांच्या सांख्यिकीवर एक दीर्घ आढावा लिहिला. हा विषय शिकणाऱ्याला आजही तो वाचावा लागतो. त्यातली मला सर्वांत आवडती जागा म्हणजे दोन कणांचे खेळणे.

लाखो तारे बाजूला ठेवा, पद्मनाभन सांगतात. एका डब्यात फक्त दोन कण घ्या. ते एकमेकांना गुरुत्वाने ओढतात, ठरावीक अंतराहून जवळ येऊ शकत नाहीत आणि डब्याच्या भिंतीपलीकडे जाऊ शकत नाहीत. एवढेच. सुरुवातीला ऊर्जा अगदी कमी आहे; कण चिकटून आहेत. थोडी ऊर्जा दिली, ते थरथरू लागले, तापमान चढले. आणखी दिली. आता जोडी सैल होऊ लागते, कण दूर जातात, आणि दूर जाण्याचा खर्च आपण दिलेल्या ऊर्जेहून जास्त असतो. फरक ते स्वतःच्या वेगातून भरतात. तापमान उतरू लागते. देत राहा. शेवटी कणांना भिंती लागतात, गुरुत्व क्षुल्लक होते, आणि डब्यात साधा वायू भरल्यासारखे तापमान पुन्हा चढते. चढ, उतार, चढ. दोन कणांत ताऱ्यांचे सगळे नाटक आले. आणि बोल्ट्झमनच्या सूत्राचे एक अक्षरही बदलावे लागले नाही. फक्त तऱ्हा प्रामाणिकपणे मोजाव्या लागल्या.

याच डब्यातून दुसरी गोष्ट कळते, ती पाठ्यपुस्तकांना जास्त झोंबणारी. डबा पूर्ण बंद ठेवला तर उताराचा तो भाग दिसतो. तोच डबा स्थिर तापमानाच्या मोठ्या भट्टीला टेकवला तर उतार नाहीसा होतो आणि त्याजागी एका ठरावीक तापमानाला उडी दिसते, पाण्याची वाफ व्हावी तशी. कारण सरळ आहे. ऋण विशिष्ट उष्म्याची वस्तू भट्टीहून किंचित थंड पडली की भट्टीतून उष्णता घेते, घेतल्याने आणखी थंडावते, म्हणून आणखी घेते. हा व्यवहार थांबत नाही. मिठाच्या बाबतीत ‘बंद पिशवी’ आणि ‘भट्टीला टेकलेली पिशवी’ असे दोन हिशेब केले तर उत्तर एकच येते. विद्यार्थ्याने सोयीचा वापरावा. गुरुत्वाच्या राज्यात दोन हिशेबांची दोन उत्तरे.

हा फरक आकड्यातही मांडता येतो. गोल डब्यात एकाच तापमानाचा, स्वतःच्या गुरुत्वाने मध्याकडे दाटलेला वायू आहे असे समजा. डबा बंद असेल तर मध्यातली घनता काठावरच्या घनतेच्या ७०९ पट होईपर्यंत तो तग धरतो. भट्टीला टेकलेला असेल तर ३२ पटींनाच कोसळतो. सोव्हिएत संघात व्ही. ए. अँतोनोव्ह यांनी १९६२ साली या अस्थिरतेचे गणित मांडले. १९६८ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड लिंडन-बेल आणि रॉजर वुड यांनी तिचा अर्थ लावला. मधला भाग बाहेरच्या भागाला उष्णता देतो, दिल्याने स्वतः जास्त तापतो आणि आकसतो, म्हणून आणखी देतो. आपल्या आकाशगंगेभोवती दीडशेच्या आसपास गोलाकार तारकागुच्छ आहेत. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याचे गाभे असे कोसळलेले आहेत. महाश्व तारकासमूहातला एम-१५ हे नेहमीचे उदाहरण. कोसळणे पूर्ण होत नाही, कारण गाभ्यातले जोडतारे आणखी जवळ येऊन ऊर्जा पुरवतात आणि घसरण थोपवतात.

सूत्र तेच ठेवून तऱ्हा प्रामाणिकपणे मोजायच्या, ही झाली पद्मनाभन यांची वाट. दुसरी वाट धरणारा माणूस रिओ द जानेरोतला. कॉन्स्टँटिनो साल्लिस जन्माने ग्रीक, कामाने ब्राझीलचे. १९८५ साली मेक्सिकोतल्या एका परिषदेत त्यांना सुचले, आणि १९८८ मध्ये त्यांनी काही पानांत छापले, ते असे: बेरीज मोडत असेल तर मोजण्याचे सूत्रच का बदलू नये? एखादी तऱ्हा घडण्याची जी संभाव्यता असते तिला एका संख्येचा घात द्यायचा. त्या संख्येला त्यांनी क्यू म्हटले. क्यू एक असेल तर जुने बोल्ट्झमनचे सूत्र जसेच्या तसे मिळते. क्यू एकाहून कमी असेल तर दुर्मीळ घटनांचे वजन वाढते: शंभरात एकदा होणाऱ्या गोष्टीला अर्धा घात दिला की ती दहात एकदाच्या वजनाची होते. क्यू मोठा असेल तर दुर्मीळाला कोणी विचारत नाही.

क्यू दोन धरून नाण्यावर करून पाहू. सूत्र सोपे होते: एकातून सगळ्या संभाव्यतांच्या वर्गांची बेरीज वजा करा. एका नाण्याला छापा अर्धा, काटा अर्धा; वर्ग पाव आणि पाव; उत्तर अर्धा. दोन स्वतंत्र नाण्यांना चार शक्यता, प्रत्येकी पाव, वर्ग एक-सोळांश, चार वेळा, उत्तर पाऊण. अर्धा अधिक अर्धा बरोबर पाऊण! जो पाव हिस्सा गळाला तो दोन्ही उत्तरांचा गुणाकार आहे. साल्लिसच्या एन्ट्रॉपीत बेरजेबरोबर गुणाकाराचे एक शेपूट नेहमी येते, आणि क्यू एकापासून किती लांब यावर त्या शेपटाची लांबी ठरते.

ही कल्पना अगदी नवी होती असेही नाही. झेक गणितज्ञ हावर्दा आणि हारव्हाट यांनी १९६७ मध्ये याच साच्याचे सूत्र लिहिले होते. आणि क्यू दोनचे उदाहरण तर एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ साली ‘नेचर’मध्ये जीवजातींची विविधता मोजण्यासाठी दिले. कांजूरच्या मिठागरांसमोर ठाण्याच्या खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. अशा चिखलात कोणकोणते पक्षी किती प्रमाणात उतरले याचा निर्देशांक काढताना पर्यावरण अभ्यासक जे सूत्र वापरतात तेच हे. भौतिकीशी त्यांचा काही संबंध नसतो.

साल्लिस यांचा खरा मुद्दा मात्र नाण्यांत नाही, गर्दीत आहे, आणि गर्दी समजायला कांजूरमार्गसारखे स्थानक नाही. इथे जलद गाडी थांबत नाही. पवईची आयआयटी, कारखाने, कार्यालये, सगळ्यांचा भार धीम्या लोकलवर. दुपारी दोनच्या गाडीत उभा असलेला प्रत्येक जण हवे तर डावीकडे वळतो, हवे तर उजवीकडे. माणूस वाढला की एकूण तऱ्हा दुप्पट. लॉगरिदम घेतला की उत्तर माणसांच्या संख्येच्या प्रमाणात. आता संध्याकाळी साडेसातची गाडी. स्वतःच्या मर्जीने वळणे संपले. सगळा डबा एक अंग होऊन डोलतो. समजा इथे तऱ्हांची संख्या दर माणसामागे दुप्पट होत नाही, फक्त माणसांच्या संख्येच्या वर्गाने वाढते. शंभर माणसांना दहा हजार तऱ्हा, दोनशेंना चाळीस हजार. लॉगरिदम घेतला तर ९.२ चे जेमतेम १०.६ होतात, माणसे दुप्पट झाली तरी एन्ट्रॉपी ढिम्म. पण लॉगरिदमऐवजी वर्गमूळ घ्या: शंभराचे दोनशे. बेरीज परत आली. साल्लिस यांच्या सूत्रात क्यू अर्धा ठेवला की नेमके हे वर्गमूळच बाहेर येते.

म्हणून ‘बेरीज न पाळणारी सांख्यिकी’ हे या शाखेचे प्रचलित नाव थोडे फसवे आहे. हे साल्लिस यांनीही मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे उलट आहे: एकमेकांत अडकलेल्या कणांसाठी असे सूत्र निवडा की माल दुप्पट झाला तर एन्ट्रॉपी दुप्पटच होईल. त्यासाठी सुट्या नाण्यांची बेरीज मोडली तर मोडू द्या.

या सूत्राचा सर्वांत गाजलेला वापर कांजूरमार्गाहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ चालतो. आयआयटी मुंबईचा गट जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ॲलिस प्रयोगात सहभागी आहे. टाटा संस्थेचा गट तिथल्याच सीएमएस प्रयोगात. प्रोटॉन प्रोटॉनवर आपटले की कणांचा फवारा उडतो. आडव्या दिशेने किती संवेगाचे किती कण निघाले याचा आलेख काढला, तर कमी संवेगाला तो गरम वायूसारखा वागतो, वेगाने घसरतो. बोल्ट्झमनचे सूत्र पुढेही असेच घसरत जाईल असे म्हणते. पण मोठ्या संवेगाला आलेखाची शेपटी जाड निघते, अपेक्षेहून कितीतरी अधिक कण. साल्लिसचे सूत्र घेऊन क्यू १.१ च्या थोडा पुढे ठेवला की सुरुवात आणि शेपटी दोन्ही एकाच रेषेत बसतात. २०१० मध्ये सर्नच्या महाआघातक यंत्राचे पहिले निकाल आले तेव्हापासून हे सूत्र तिथे रोजच्या वापरात आहे.

पण बसणे आणि समजणे यांत फरक आहे. याच आकाराचे सूत्र रॉल्फ हागेडॉर्न यांनी १९८३ साली एन्ट्रॉपीचे नावही न घेता लिहिले होते: टकरीत क्वार्क एकमेकांवर थेट आपटतात, म्हणून शेपटी जाड. तेव्हा १.१ हा आकडा निसर्गाने नवी एन्ट्रॉपी निवडल्याची खूण आहे, की दोन वेगळ्या घटना एका लवचीक रेषेने झाकल्याची? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. शिंप्याने कपडा अंगाला बेतला म्हणून अंग कसे वाढले ते त्याला कळले असे होत नाही. मायकेल नाउएनबर्ग यांनी २००३ मध्ये विचारलेला प्रश्नही अजून टोचतो. एका वस्तूचा क्यू १.१, दुसरीचा १. दोघी एकमेकींना टेकवल्या तर समान तापमान म्हणजे नक्की काय समान होते? तापमापक तर साध्या, क्यू एकच्या, काचेचा आणि पाऱ्याचा असतो. साल्लिस यांनी त्याला उत्तर दिले. वाद मिटला नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. लेझरच्या उभ्याआडव्या झोतांनी बनवलेल्या प्रकाशजाळीत थंड अणू अडकवले, तर त्यांच्या वेगांची वाटणी साल्लिसच्या सूत्रानेच व्हावी आणि क्यू किती हे जाळीच्या खोलीवरून आधीच ठरावे, असे एरिक लुट्झ यांनी २००३ मध्ये मूळ गणितातून काढले. तीन वर्षांनी लंडनच्या प्रयोगात ते तसेच निघाले. इथे क्यू बेतून घेतलेला नव्हता, आधी सांगितलेला होता. अशी उदाहरणे मोजकीच आहेत, पण जी आहेत ती झटकून टाकता येत नाहीत.

बेरीज सर्वांत उघडपणे मोडते ती कृष्णविवरांत. जेकब बेकेन्स्टाइन यांनी १९७३ मध्ये म्हटले आणि स्टीफन हॉकिंग यांनी पुढच्या वर्षी पक्के केले, की कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाने वाढते. सारखी दोन विवरे मिसळली आणि काहीच वस्तुमान वाया गेले नाही, तर एन्ट्रॉपी दुप्पट नव्हे, चौपट. विवर ऊर्जा गमावते तेव्हा तापते. तारकागुच्छाचा तोच जुना ऋण विशिष्ट उष्मा.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तीही अशाच एका बेरजेची होती. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन विवरे मिसळून ६२ पटींचे एक झाले. तीन सूर्य लहरींत गेले. वर्ग करून पाहा. आधी १,२९६ अधिक ८४१, म्हणजे २,१३७. नंतर ३,८४४. नवे विवर वेगाने स्वतःभोवती फिरत होते, त्यामुळे क्षेत्रफळ थोडे कमी भरते. ती वजावट केली तरी ३,३५० च्या आसपास. तीन सूर्य खर्ची पडूनही एन्ट्रॉपी दीडपटीच्या वर. तशाच लहरी टिपणारी लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या क्षेत्रफळाचे करायचे काय? साल्लिस आणि त्यांचे सहकारी सिर्टो यांनी २०१३ मध्ये आपल्या स्वभावाला धरून उत्तर दिले: विवर त्रिमितीय वस्तू आहे, तिची एन्ट्रॉपी घनफळाच्या प्रमाणात असायला हवी, तशी येत नसेल तर तऱ्हा मोजण्याचे सूत्र चुकते आहे, ते बदलू. पद्मनाभन यांनीही आपल्या स्वभावाला धरले. मोजदादीवर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी संशय गुरुत्वावर घेतला. आयुकात असताना २००२ मध्ये त्यांनी दाखवले, की क्षितिजाजवळ आइनस्टाइनची समीकरणे लिहिली तर ती उष्मागतिकीच्या नेहमीच्या जमाखर्चाच्या रूपात उतरतात: तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल, एका बाजूला ऊर्जा, दुसऱ्या बाजूला दाब आणि घनफळ. पाणी तापते यावरून बोल्ट्झमनने अणू न बघता ओळखले. अवकाशही तापते, तर त्यालाही अणू असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद. सप्टेंबर २०२१ मध्ये, पुण्यात निधन होईपर्यंत, ते त्या अवकाशाच्या अणूंच्या तऱ्हा मोजण्याच्या खटपटीत होते.